घर विकणाराही फसतो: सही, चावी आणि पैसे यांचा क्रम

घर घेणाऱ्याने काय काय तपासावे यावर भरपूर लिहिले जाते. टायटल सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध), जाहीर नोटीस, बँकेचा वकील अशी सगळी यंत्रणा त्याच्यासाठी राबत असते. विकणाऱ्याला मात्र फारसे कोणी सावध करत नाही. घर त्याच्याच नावावर, मग त्याला कसली भीती, असा सगळ्यांचा समज. महाराष्ट्रात जुन्या फ्लॅटच्या व्यवहारांत हाच समज अंगाशी येतो. विकणाऱ्याच्या हातात तीनच गोष्टी असतात: सही, चावी आणि मूळ कागद. फसवायला आलेल्या माणसाला या तिन्ही पैशाआधी हव्या असतात, आणि त्याची घाई, अडचणी, घरगुती जवळीक, सगळे त्याचसाठी असते.

सगळ्यांत मोठा घात खरेदीखताच्या, म्हणजे विक्रीच्या अंतिम दस्ताच्या, एका वाक्यात होतो. "मोबदल्याची संपूर्ण रक्कम लिहून देणार यांना मिळाली असून त्याबाबत त्यांची काहीएक तक्रार नाही." हे वाक्य जवळपास प्रत्येक मसुद्यात असते, आणि त्याखाली चेकचे नंबर. त्यातले काही चेक पुढच्या तारखांचे. खरेदीदार म्हणतो, "नोंदणी झाली की बँक पैसे सोडेल, तोवर हे चेक ठेवा." सही होते, अंगठा होतो, फोटो होतो आणि चेक परत येतात. विकणाऱ्याला वाटते, पैसे मिळाले नाहीत म्हणजे व्यवहार झालाच नाही. कायदा तसे म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 नुसार किंमत दिलेली असो, द्यायचे नुसते वचन असो किंवा थोडी दिलेली आणि थोडी राहिलेली असो, विक्री ती विक्रीच. सुरतच्या एका जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये हेच स्पष्ट केले. तिथे 2009 च्या खरेदीखतात 36 चेक लिहिलेले होते. त्यातले 30 खोटे निघाले अशी विकणाऱ्यांची तक्रार होती, पण दावा लागला 2014 मध्ये. न्यायालय म्हणाले, पूर्ण किंमत मिळाली नाही एवढ्यावरून नोंदवलेले खरेदीखत रद्द होत नाही. राहिलेले पैसे मागण्याचा मार्ग वेगळा. शिवाय मुदतही उलटून गेली होती.

दस्त नोंदवणारा अधिकारी, म्हणजे दुय्यम निबंधक, पैसे पोचले का हे तपासत नाही. दस्त तुम्हीच केला का, हे तो विचारतो. तुम्ही हो म्हणता, की त्याचे काम संपले. म्हणून त्या दिवशीचा क्रम आपणच लावायचा. निबंधकाच्या कार्यालयातल्या डाटा एंट्रीचा प्रिंट वाचून नाव, क्षेत्रफळ, रक्कम जुळवायची. मग खरेदीदाराने शेवटची रक्कम आरटीजीएसने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, पाठवायची. ती आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच सही आणि अंगठा. मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. 22 अक्षरी यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, कागदावर कोणीही टाइप करू शकतो. "आज बँक बंद आहे" ही सबबही आता चालत नाही, कारण 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालते. डिमांड ड्राफ्ट आणला असेल तर तो ज्या शाखेने काढला तिथे आदल्या दिवशी स्वतः विचारून खात्री करा, आणि ड्राफ्टवर छापलेल्या फोन नंबरवरून नको. ड्राफ्ट हुबेहूब छापले जातात.

मसुद्यात प्रत्येक हप्ता तारीख, बँक आणि यूटीआरसह वेगळा लिहा. चेक घेणे टळतच नसेल तर "चेक वटल्यावरच ही पावती पूर्ण समजावी" हे वाक्य घाला. त्याला एक कारण आहे. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकी गेली तरी न मिळालेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा घरावर बोजा, म्हणजे घरातून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क, राहतो. पण ज्याला बाकीची माहितीच नाही आणि ज्याने पैसे मोजून पुढे घर घेतले, त्याच्याविरुद्ध हा बोजा टिकत नाही. "संपूर्ण रक्कम मिळाली" असे तुम्हीच सही करून लिहून दिले, तर त्या पुढच्या माणसाला बाकी कळणार कुठून?

गृहकर्जाचा खरेदीदार असला की क्रम जरा उलटतो, हे खरे. बँक बहुतेक वेळा नोंदवलेले साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) आणि सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) बघितल्यावरच रक्कम सोडते. म्हणजे नोंदणी आधी, पैसे नंतर. इथे वाचवते ती साठेखताची भाषा: पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आणि ताबा दोन्ही विकणाऱ्याकडेच. सँक्शन लेटरवर, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर, विसंबू नका. त्यात खरेदीदाराची ऐपत मोजलेली असते, तुमच्या घराची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी तेव्हा झालेलीच नसते. ती झाल्याचे बँकेकडून समजल्यावरच नोंदणीची तारीख घ्या.

विसाराचा सापळा

यात एकही चेक परत येत नाही, म्हणून तो लवकर ओळखूही येत नाही. खरेदीदार भाव मान्य करतो, घासाघीस करत नाही. दोन टक्के विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) देतो आणि साठेखत लगेच नोंदवून घेतो. मुदत तीन महिने. मुदत संपत आली की कर्ज अडते, कागद कमी पडतो, मुहूर्त नसतो. तुम्ही करार रद्द म्हणता, तर तो दिवाणी न्यायालयात जाऊन करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे घर विकायला लावा असा, दावा लावतो आणि त्या दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवतो. महाराष्ट्रात ही नोटीस नोंदवता येते. ती शोधात दिसली की दुसरा खरेदीदार आणि त्याची बँक माघार घेतात. मग तोच माणूस म्हणतो, एवढे द्या, दावा काढून घेतो. करारपूर्तीच्या कायद्यात 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने करारपूर्तीचा आदेश देण्या-न देण्याचा न्यायालयाचा पूर्वीचा मोकळेपणा बराच आटला आहे, त्यामुळे "कोर्ट काय ते बघेल" या भरवशावर राहू नका.

बचाव मसुद्यातच करावा लागतो. जमिनी-घरांच्या करारात ठरलेली मुदत हा कराराचा गाभा नसतो असे न्यायालये सहसा धरून चालतात. म्हणून "मुदत हा या कराराचा गाभा आहे" असे शब्दशः लिहायचे आणि प्रत्येक हप्त्याला तारीख घालायची. नुसते "कर्ज मंजूर झाल्यावर" नको. मुदत चुकली की किती दिवसांची लेखी नोटीस, विसारातून किती रक्कम कापायची आणि उरलेली किती दिवसांत परत करायची, हेही लिहा. सगळी रक्कम जप्त करण्याची धमकीवजा अटही घालू नका, न्यायालय वाजवी नुकसानीच्या पुढे जात नाही. आणि इतके करूनही लक्षात ठेवा: नोंदवलेले साठेखत निबंधकाच्या सूचीतून पुसायला रद्दलेखावर दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे विसाराची रक्कम खरेदीदाराला सोडवणार नाही इतकी असावी. दोन टक्क्यांवर अख्खे घर अडकवून ठेवणे त्याला परवडते, दहा टक्क्यांवर तो विचार करतो.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे साध्या कागदावरचा एमओयू (प्राथमिक समजुतीचा करार). त्यात "खरेदीदार अथवा त्याने नेमलेली व्यक्ती" असे शब्द आणि सहा महिन्यांची मुदत असली, तर समोर बसलेल्याला घर घ्यायचेच नाही हे समजावे. तो तुमचे घर चढ्या भावाने तिसऱ्याला दाखवत फिरणार. गिऱ्हाईक मिळाले तर मधला फरक त्याचा, नाही मिळाले तर विसार परत मागायला हजर. "नेमलेली व्यक्ती" हे शब्द खोडा, किंवा मुदत तीन आठवड्यांवर आणा; खरा खरेदीदार कुरकुर करत नाही.

चावी आणि कुलमुखत्यारपत्र

"फर्निचरचे माप घ्यायचे आहे", "मुलांची शाळा सुरू होते" अशा कारणांनी चावी मागितली जाते. नोंदवलेले साठेखत आणि त्याच्या आधारे मिळालेला ताबा हातात असेल, आणि आपल्या बाजूचे करायला तो तयार असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ खाली खरेदीदाराला घरातून बाहेर काढणे अवघड होते. माप घ्यायचे तर दार तुम्ही उघडा, तिथे थांबा आणि कुलूप तुम्ही लावा. सामान ठेवू देणे हाही ताबाच. अगदी नाइलाज असेल तर वेगळा, ठरावीक महिन्यांचा, नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा.

परगावी राहणाऱ्यांना एजंट मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सह्या करायचा अधिकार, द्यायला सुचवतो: "तुम्ही कशाला हेलपाटे घालता, माझ्या माणसाच्या नावाने मुखत्यारपत्र द्या." सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्येच सांगितले आहे की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. पण मुखत्याराने तुमच्या वतीने केलेले खरेदीखत तुम्हाला बांधते, आणि ते त्याने कोणत्या भावाने केले हे तुम्हाला उशिरा कळते. द्यायचेच तर सख्ख्या नात्यातल्या माणसाला, एकाच घरापुरते, किमान किमतीचा आकडा लिहून, आणि पैसे फक्त तुमच्याच खात्यात येतील अशा अटीने. त्यात "मोबदला मिळाला" किंवा "रद्द न होणारे" असे शब्द कोणी घुसवले असतील तर सही करू नका.

रोख रक्कम आणि टीडीएस

"थोडे चेकने, थोडे रोखीत" यात कर चुकवण्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी धोका विकणाऱ्याचाच. सही झाली की रोखीचा भाग "पुढच्या आठवड्यात" जातो, आणि त्याचा एकही पुरावा तुमच्याकडे नसतो. आयकर कायद्याने घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला मनाई आहे. घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. त्यामुळे तक्रार करायला जाल तर आधी स्वतःच अडकाल, आणि हे समोरच्याला पक्के ठाऊक असते.

व्यवहार 50 लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आगाऊ भरायचा आयकर, कापतो. कापणे त्याच्या हातात, भरणेही त्याच्याच हातात. 80 लाखांच्या घरात हे 80,000 रुपये होतात. कापले आणि भरलेच नाहीत तर तुमच्या पॅनवर काहीच दिसत नाही. शेवटचा हप्ता घेण्याआधी तोवरच्या हप्त्यांची भरलेली चलने मागा आणि पॅन, रक्कम ताडून पाहा. पॅनचा एक अंक चुकला तरी रक्कम दुसऱ्याच्या नावावर जाते.

डागडुजीच्या नावाखाली

घर दाखवण्याआधी रंगरंगोटी करावी, पण एजंटनेच आणलेल्या कंत्राटदाराकडून "आधी दोन लाख घाला, भाव पाच लाखांनी वाढेल" ही भाषा ऐकली की थांबा. पाच लाखांची हमी तो लिहून देत नाही. ओलीच्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारून घेणे हा तर दुहेरी तोटा. आतले पाणी आणि क्षार रंगाचा थर ढकलतात, फुगे येतात, पापुद्रे सुटतात. खरेदीदार दुसऱ्या भेटीत ते बघतो आणि भाव पाडतो. शिवाय माहीत असलेला आणि सहज न दिसणारा दोष लपवणे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 खाली विकणाऱ्याच्या अंगावर येते. आधी पाण्याचा उगम शोधा. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी 24 तास उभे ठेवा. ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग गेले आहे. नाही वाढली तर पाइपचा जोड किंवा बाहेरच्या भिंतीची भेग बघा. मगच कोटेशन मागवा, आणि तेही चौरस फुटांवर, कोणते साहित्य, किती थर हे लिहून.

कागदांतल्या उणिवांचाही असाच बाजार होतो. शेअर सर्टिफिकेट हरवलेले, वारसाचे नाव न लागलेले, आधीच्या मालकाचे मूळ करारपत्र गहाळ. खरेदीदार या गोष्टी विसार दिल्यानंतर "शोधून" काढतो आणि किंमत कमी करून मागतो. हरवल्याची पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, निबंधकाकडून प्रमाणित नक्कल हे सगळे जाहिरात देण्याआधी उरका. सोसायटीने एनओसीसाठी "देणगी" मागितली तर महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे, एवढे दाखवून द्या.

जाहिरात टाकल्यावर फोनवर भाव मान्य करून "विसार घ्या, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारे खरेदीदार नसतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. मूळ कागदांच्या झेरॉक्स देताना त्यावर आडवे लिहा: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. मूळ कागद शेवटच्या रकमेबरोबरच हातातून सोडा.

आणि चेक परत आलाच, तर दिवस मोजायला लागा. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, त्यानंतर त्याला 15 दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक न वटण्याचा कायदा) कलम 138 खाली तक्रार. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. खरेदीखत झालेले असेल, तर फक्त पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारत बसू नका. दिवाणी वकिलाकडून राहिलेल्या रकमेचा आणि बोजाचा दावा लावून त्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवून घ्या, त्याने घर पुढे विकायच्या आत.