चिऱ्याच्या खाणीतलं फिशिंग तळं: वार्षिक पास काढून आठ-नऊ महिने वापरल्यावर

रत्नागिरी-लांजा पट्ट्यात एका बंद पडलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणीत मासे सोडलेत आणि तिथे गरवायला (गरीने मासे पकडायला) देतात, त्याचा वार्षिक पास मी गणपती झाल्या झाल्या काढला. आता पाऊस लागला, तळं जून-जुलै बंद आहे, म्हणून निवांत टाईप करतोय. ठिकाणाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण मालक काकांशी रोजचं बोलणं आहे आणि खाली थोडं झोडपलंय पण. रेटिंग पाचपैकी साडेतीन, मे महिना सोडला तर चार.

आधी जागा कशी आहे ते. खाण म्हटल्यावर तीन बाजूंना उभे कापलेले चिरे, पाणी काठालाच खोल, आणि चौथ्या बाजूला ट्रक उतरायचा जुना रस्ता, तो हळूहळू पाण्यात जातो. गरवायची खरी मजा त्या उतारावरच आहे, सकाळी मासा तिथे चरायला येतो. बाकीच्या बाजूंना बसायला पत्र्याची शेड वगैरे केलीय, फोटोत छान दिसते, पण तिथे बसून मासा मिळत नाही हे पहिल्या आठवड्यातच कळतं. संडास स्वच्छ. चहा बरा. पार्किंगला सावली नाही.

मासे म्हणाल तर कटला, रोहू, थोडा मृगळ, जिताडा (आमच्यात चोणक म्हणतात) आणि कोणी न सोडता आलेली तिलापिया, ती काय कुठेही येते. पुण्या-मुंबईकडून येणारे बरेच जण विचारतात की ट्राउट का नाही सोडत, यूट्यूबवर सगळे ट्राउटचेच व्हिडिओ बघून आलेले असतात. अहो ट्राउटला गार पाणी लागतं, वीस डिग्रीच्या वर गेलं की ती खाणं कमी करते आणि त्याच्याही वर नेलं तर जगत नाही, म्हणून आपल्या देशात ती हिमाचल, काश्मीर, निलगिरी, मुन्नार अशा उंचावरच आहे. इथे मे महिन्यात दुपारी वरचं पाणी तिशीच्या वर जातं, हात घातला तर कोमट लागतं. पण तळं सांभाळायची पद्धत मात्र ट्राउटवाल्यांकडून घेण्यासारखी आहे आणि आमच्या काकांनी ती अर्धी घेतलीय, अर्ध्यावर माझी तक्रार आहे.

मूळ गोष्ट समजून घ्या. कटला-रोहू तळ्यात पिल्लं देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं नदीचं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधुरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन रोहूच्या जातकुळीतल्या माशांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून हॅचरीचं बीज (बारीक पिल्लं) मिळायला लागलं, नाहीतर आधी नदीतून बीज गोळा करायला लागायचं. जिताडा तर अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जातो, खाणीतल्या गोड्या पाण्यात त्याचं काहीच होत नाही. ट्राउटचं तसंच, तिला वाहत्या पाण्यातली खडी लागते, नुसत्या तळ्यात ती वाढते पण वंश चालत नाही. म्हणजे अशा तळ्यात जेवढं टाकलं तेवढंच आहे, तुम्ही एक उचललात की एक कमी झाला, परत कोणी टाकेपर्यंत. हे एकदा डोक्यात बसलं की नियमांवरची निम्मी भांडणं संपतात.

सुरुवातीला नियम असे नव्हतेच. पाच मासे न्या, कुठलेही न्या. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत जी काय झुंबड उडाली, लोक थर्माकोलचे बॉक्स घेऊन यायचे, अर्ध्या किलोचे रोहू पिशवीत घालून बाजारात जाऊन आल्यासारखे घरी जायचे. दिवाळीनंतर दोन आठवडे बोया हललाच नाही. मी आणि अजून काही पासवाल्यांनी काकांना धरलं, आणि मग बोर्ड लागला. माणशी दिवसाला दोन मासे, त्यात जिताडा एकच. कटला-रोहू एक किलोच्या खालचा परत, तीन किलोच्या वरचा पण परत. माणशी दोन रॉड. एकच गरी, तीन तोंडाचा हूक बंद, आणि गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला पाहिजे. तिलापियाला कसलीच मर्यादा नाही, उलट जेवढी न्याल तेवढी बरी, ती एकटीच तळ्यात पिल्लं देते आणि गर्दी झाली की बोटाएवढीच राहते.

वरच्या मर्यादेवरून अजून वाद होतो. "एवढा मोठा मिळाला नि सोडू कसा?" लोक म्हणतात मोठा मासा अंडी देतो म्हणून सोडायचा असतो, पण इथे तो देणारच नाहीये ना. बरोबर आहे. खाडीत तो नियम खरा लागू पडतो, कारण जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे खाडीतले दांडगे जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या, आणि फोटोसाठी नेमके तेच मारले जातात. तिथे कोण मोजतंय? सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, तो पण खालचाच. तळ्यात मात्र वरची मर्यादा सरळ हिशोबाची आहे. चार किलोचा कटला व्हायला वर्षं लागतात, आणि तो पाण्यात आहे म्हणूनच माझ्यासारखे पासचे पैसे भरतात. एकाने नेला तर एका घरात कालवण झालं, सोडला तर अजून दहा जणांची लाईन ताणेल. मला हा नियम पटतो.

पण सोडायचा म्हणजे जिवंत सोडायचा. इथे एक पोरगा ठेवलाय, गावातलाच, आणि पासची निम्मी किंमत त्याच्यामुळे वसूल होते असं माझं मत आहे. मासा काठाला आला की तो आधी बिनगाठीची मऊ जाळी पाण्यात बुडवतो, उतारावर ओलं गोणपाट अंथरतो आणि ओरडतो, "ओ काका, हात भिजवा आधी, मग धरा." कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून माशाला बुरशी लागते. कल्ल्यात बोट घालू देत नाही. गरी घशात गेली असेल तर ओढत बसत नाही, दोरी तोंडापाशी कापून सोडतो. मग शेपटीपाशी धरून पाण्यात उभा राहतो, मासा स्वतः झटका मारेपर्यंत. एका साहेबांना व्हिडिओसाठी मासा परत वर उचलून पाहिजे होता, पोराने सरळ हात सोडला. साहेब चिडले, बाकीचे खूश.

आता तक्रार. काठावर बसून कालवलेलं पीठ, शेंगदाण्याची पेंड, कोंडा किती ओतायचा यावर मार्चपर्यंत काहीच बंधन नव्हतं. लोक बादली बादली टाकायचे, न खाल्लेलं सगळं तळाला कुजतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. त्यात खाणीचा प्रॉब्लेम वेगळा. खोल आणि उभ्या भिंती, वारा लागत नाही, मग उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि खालचं तसंच साचून राहतं, वर-खाली मिसळतच नाही. ट्राउटच्या तळ्यांवर उन्हाळ्यात हेच दुखणं, वर गरम आणि खाली ऑक्सिजन नाही, मासा मधल्या पट्ट्यात कोंडतो. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन मावतोच कमी, पंधरा डिग्रीला लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपास तर तिशीला साडेसात. अशा वेळी दमवलेला मासा तुम्ही कितीही प्रेमाने सोडा, तो पोहत जातो आणि नंतर मरतो. म्हणून इंग्लंडमधल्या बऱ्याच ट्राउट तळ्यांवर सोडायलाच बंदी असते, ठरलेले मासे घ्या, तेवढे झाले की रॉड गुंडाळा. ऐकायला उलटं वाटतं पण विचार करा.

आमच्याकडे मार्चपासून अकरा ते चार गरवणं बंद केलं आणि पीठ माणशी अर्धा किलोवर आणलं, ते चांगलं केलं, पण मे मध्ये चाकरमानी आले आणि दोन्ही नियम गुंडाळून ठेवले. दिवसाचं तिकीट काढलेल्यांना दुपारी पण बसू दिलं. मग मे अखेरीला वळवाचा दणदणीत पाऊस झाला, गार पाणी वरून कोसळलं, तळाचा घाण थर उसळून वर आला, त्याच रात्री लाईट गेली आणि हवा मारायचं चक्र बंद. जनरेटर आहे, डिझेल नव्हतं. पहाटे जाऊन बघतो तर सगळं तळं तोंड वर करून हवा गिळतंय, आणि उताराला मोठे कटला उलटे पडलेले. अशा वेळी आधी मोठेच जातात. म्हणजे जे आम्ही दिवाळीपासून एकेक करून सोडत होतो तेच. काकांनी दुपारपर्यंत पाणी फिरवलं, चुना मारला, पण पासवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज नाही, दोन दिवसांनी कळलं लोकांना. राग माशांपेक्षा त्या गप्प बसण्याचा जास्त आला.

चुना मात्र इथे लागतोच, ते बरोबर करतात. जांभ्याची माती आंबट, पाणी पण त्याच वळणाचं, मोठ्या पावसानंतर तर अजूनच.

अजून एक, मासे टाकायची तारीख. काका आधी जाहीर करायचे, "शुक्रवारी गाडी येतेय". झालं, शनिवारी जत्रा. नवीन सोडलेला मासा दोन-तीन दिवस बावचळलेला असतो, काठाने फिरतो, काहीही गिळतो, रविवार संध्याकाळपर्यंत निम्मा माल भाकरीसोबत. ट्राउटवाल्यांना पण गाडीच्या मागे धावणारे असे पब्लिक भेटतंच. आता शिमग्यापासून तारीख सांगत नाहीत, हे ठीक, पण किती टाकले ते नंतर तरी बोर्डावर लिहा ना. पिशव्या पाण्यात तरंगवून पंधरा-वीस मिनिटं तापमान जुळू देतात का ते बघायला आम्हाला बोलवा. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) टाकताय की अर्ध्या किलोचा मासा, याने पासची किंमत ठरते.

पास साडेसहा हजार आहे वर्षाला. दिवसाचं तिकीट काढून येणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी यावं, सकाळी सहाला उतारावर जागा धरावी, पातळ लाईन, छोटी गरी, पीठ कमी. मे मध्ये येऊ नका, आलात तर तिलापिया गरवा आणि घरी न्या. जुलैत नवीन बीज यायचंय, तेव्हा वाहून जायच्या जागेला जाळी नीट लावलीय का ते बघून येणार आहे, गेल्या वर्षी वलगणीच्या वेळी (पहिल्या पावसात मासे वाहत्या पाण्यात चढतात तेव्हा) खालच्या शेतात लोकांना रोहू सापडले होते म्हणे. रिन्यू करायला मी तयार आहे, फक्त काकांना तीन गोष्टी लिहून मागितल्यात: जनरेटरला डिझेल, मे मध्ये पण दुपारची बंदी, आणि मासे मेले तर त्याच दिवशी ग्रुपवर मेसेज. पहिल्या दोनला हो म्हणालेत, तिसऱ्याला "बघू" म्हणालेत.