येशूची सुवार्ता कानावरच पडली नाही, त्यांचं तारण कसं? कुठलं मत धरायचं

आमच्या घरात पहिला बाप्तिस्मा आजोबांचा. त्यांची आई, म्हणजे माझी पणजी, पेठकडच्या पाड्यावर राहिली आणि येशूचं नाव न ऐकताच गेली. इथे नाशिकला शरणपूर रोडवर बऱ्याच ख्रिस्ती घरांत अशी एखादी पणजी निघते आणि संडे स्कूलची मोठी पोरं तिच्याबद्दल विचारतातच, की ती कुठे गेली, तिचं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं का? उत्तरं चार आहेत, पण खरी निवड पहिल्या दोनांतच आहे असं मला वाटतं.

पहिलं मत कडक. येशूवर जाणूनबुजून विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही. बायबलमधले आधार पक्के आहेत, योहान १४:६, प्रेषितांची कृत्ये ४:१२, आणि रोमकरांस १०:१४ मधला सवाल, की ज्याच्याबद्दल ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार? सृष्टी बघून देव कळतोच, त्यामुळे कुणालाच सबब नाही असंही ही मंडळी रोमकरांस १:२० वरून सांगतात. ह्या मताची ताकद नाशिककरांनी तरी नाकारू नये, कारण ऐकवलं नाही तर माणसं हरवतील ह्याच तळमळीने १९व्या शतकात मिशनरी इथवर आले आणि शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसली.

पण अडचणही शरणपुरातच दिसते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून शिकवली गेली, त्यांनी सुवार्ता ऐकली. आता त्याच जहाजावर वाटेतच मेलेलं एखादं मूल धरा, किंवा जे जहाज पकडलंच गेलं नाही त्यातलं. ह्या मुलांत आणि इथे शिकलेल्या मुलांत फरक फक्त वाटेत मरण आलं की नाही आणि कुठलं जहाज सापडलं एवढाच, मग अनंतकाळचा निकाल त्यावर कसा लागेल? तान्ह्या बाळांसाठी आणि येशूच्या आधीच होऊन गेलेल्या अब्राहामासाठी कडक मतवालेही बहुतेक वाट मोकळी ठेवतात, आणि एकदा तेवढी ठेवली की दार पूर्ण बंद आहे असं म्हणणं अवघड होतं.

दुसरं मत म्हणतं, तारण येशूमुळेच, पण त्याचा लाभ मिळायला त्याचं नाव माहीत असणं प्रत्येक वेळी गरजेचं नाही. हे नीट वाचा, कारण लोक इथेच गोंधळतात, सगळे धर्म सारखेच असं हे मत म्हणत नाही. कॅथलिक चर्चचा प्रवास बघण्यासारखा आहे. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने चर्चबाहेरच्यांना अनंत अग्नी सांगितला होता, आणि १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि कृपेच्या बळावर सदसद्विवेकाप्रमाणे वागायला बघतात, त्यांना तारण मिळू शकतं. मिळू शकतं, मिळतंच असं नाही.

ह्या बाजूचे लोक कृत्ये १० मधल्या कर्नेल्य ह्या रोमी शताधिपतीचं उदाहरण देतात, त्याच्या प्रार्थना येशूचा शिष्य पेत्र यायच्या आधीच देवापर्यंत पोचल्या होत्या. खरंय, पण कृत्ये ११:१४ पण वाचा, तिथे देवदूत सांगतो की पेत्र ज्या गोष्टी सांगेल त्यांनी तुझं तारण होईल, म्हणजे एकट्या कर्नेल्यावरून हा वाद मिटत नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचंही तसंच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. देव आधीपासून मराठी अभंगांतून काम करत होता असा अर्थ मी घेते, कडक मतवाला म्हणेल की टिळक पूल ओलांडून पलीकडे गेले म्हणूनच तर १८९५ ला बाप्तिस्मा झाला.

तिसरं मत, मेल्यावर संधी मिळते. १ पेत्र ३:१९ आणि ४:६ वर हे उभंय, पण त्या ओळींचा अर्थ लावण्यातच मोठे मतभेद आहेत आणि समोर इब्री ९:२७ आहे, मरण एकदाच, मग न्याय. मी ह्यावर घर बांधणार नाही. चौथं, शेवटी सगळेच तरतील, हे ओरिजेन ह्या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती विचारवंतापासून चालत आलेलं. मनाला फार ओढतं, पण येशूने स्वतः न्यायाबद्दल जे इतकं स्पष्ट सांगितलं त्याचं काय करायचं हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

मी दुसरं धरते. रोमकरांस २:१४-१६ मुळे, जिथे मोशेचं नियमशास्त्र नसलेल्यांच्या हृदयावर नियम लिहिलेला आहे असं पौल म्हणतो, आणि उत्पत्ती १८:२५ मुळे, जिथे अब्राहाम देवालाच विचारतो की साऱ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का. रोमकरांस २ वरून तारण सिद्ध होत नाही, हे मला माहितीये, पौल पुढे ३ऱ्या अध्यायात सगळ्यांनाच पापाखाली आणतो. म्हणून माझी ही आशा आहे, गॅरंटी नाही. मग सुवार्ता सांगायची कशाला, असं विचाराल तर ज्या बापाला माणूस चाचपडत शोधतोय त्याचं नाव आणि त्याने केलेली क्षमा त्याला कळावी म्हणून, हे मला पुरेसं वाटतं.

ठरवायचं असेल तर रोमकरांस १ ते ३ आणि कृत्ये १०-११ एका बैठकीत वाचा, सुटी वचनं नकोत. आणि निवडीचा परिणाम घरात दिसतो हे धरून चाला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावतो, पणजीची कबर तिथे नाही, म्हणून घरी येऊन मी तिचं नाव घेते. आमच्यातल्याच काहींना हे चालत नाही. मी तिच्यासाठी काही मागत नाही, फक्त नाव घेऊन तिला देवाच्या हातात देते.