२०२२ ची टॅक्स सवलत की २०२३ चं ड्रिलिंग: अमेरिकेत मत देण्याआधी ऊर्जेवरची ही दोन मतदानं बघून घ्या

इथे निवडणूक जवळ आली की दोन्ही पक्षांची पत्रकं पोस्टाने घरी येतात आणि दोन्हींवर साधारण एकच वाक्य असतं, तुमचा वीज-गॅस-पेट्रोलचा खर्च कमी व्हावा म्हणून आम्ही मत दिलं. माझ्या नणंदेला नुकतीच सिटिझनशिप मिळाली, पहिल्यांदाच मत देणार आहे, तिने दोन्ही पत्रकं समोर ठेवून विचारलं, वहिनी यातलं खरं कोण? खरं तर दोघंही बोलतात ते खरं आहे, मतं दिलेली आहेतच, फक्त वेगवेगळ्या कायद्यांना. मग आम्ही दोघी बसून नीट बघितलं, तेच इथे लिहितेय.

पहिला म्हणजे इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट, २०२२ चा. सिनेट म्हणजे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह, हाउस म्हणजे खालचं. सिनेटमध्ये ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणून कमला हॅरिस यांच्या मताने ५१-५० ने पास झाला, हाउसमध्ये २२०-२०७. एकाही रिपब्लिकनने बाजूने मत दिलं नाही. दुसरा लोअर एनर्जी कॉस्ट्स ॲक्ट, ३० मार्च २०२३ ला हाउसमध्ये २२५-२०४ ने पास झाला, चार डेमोक्रॅट बाजूने गेले, रिपब्लिकनांपैकी फक्त पेनसिल्व्हेनियाचे ब्रायन फिट्झपॅट्रिक विरोधात. पण तिथेच थांबला, सिनेटने तो घेतलाच नाही, म्हणजे प्रत्यक्षात कायदा झालाच नाही.

दोघांचं उद्दिष्ट एकच, रस्ते मात्र अगदी उलटे. २०२२ चा कायदा पैसे वापरणाऱ्याच्या हातात द्यायचा, म्हणजे छतावर सोलर लावलंत तर खर्चाच्या ३० टक्के टॅक्समध्ये परत, हीट पंपला (विजेवर घर गरम-थंड करणारं यंत्र) २,००० डॉलरपर्यंत, इलेक्ट्रिक गाडीला ७,५०० पर्यंत. हिशोब सरळ होता, २०,००० डॉलरचं सोलर बसवलं की ६,००० टॅक्समधून कमी, आणि हे दिसायचं, मोजता यायचं, पुढच्या एप्रिलला रिटर्न भरताना कळायचं. पण सोलरसाठी छत स्वतःचं हवं होतं आणि टॅक्स तेवढा भरत असायला हवं होतं. माझी नणंद अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहते, हीटिंग सगळं विजेवर, तिला यातून थेट काहीच मिळालं नाही आणि अशी घरं या देशात खूप आहेत, हा त्या कायद्याचा मला सगळ्यात मोठा दोष वाटतो.

२०२३ चा पैसे कुणाच्या हातात देत नव्हता, तो उत्पादन वाढवायला बघत होता. केंद्र सरकारच्या जमिनीवर तेल-गॅससाठी दर तिमाहीला लिलाव, रॉयल्टी (काढलेल्या मालावर कंपनीने सरकारला द्यायचा वाटा) १६.६७ टक्क्यांवरून परत १२.५, तेल-गॅस काढताना होणाऱ्या मिथेन वायूच्या गळतीवरचा चार्ज रद्द, परवानग्यांना मुदत, गॅस निर्यातीवरची बंधनं सैल. मांडणी अशी की माल जास्त निघाला की भाव उतरेल. ऐकायला पटतं, पण २०२३ मध्ये हा कायदा नसतानाच अमेरिकेने दिवसाला सरासरी १.२९ कोटी बॅरल कच्चं तेल काढलं, तोपर्यंतचा विक्रम, कारण बहुतेक तेल खासगी आणि राज्यांच्या जमिनीतून निघतं आणि कंपन्या भाव बघून विहिरी खणतात. शिवाय तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, वॉशिंग्टनमध्ये नाही.

गॅसचं वेगळं आहे आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण पत्रकांवर हे कुणीच लिहीत नाही. गॅस पाइपलाइनने फिरतो, बाहेर पाठवायचा तर आधी थंड करून द्रवरूप करावा लागतो आणि त्यासाठी किनाऱ्यावर मोठे प्लांट लागतात. ८ जून २०२२ ला टेक्सासमधल्या फ्रीपोर्टच्या अशाच एका प्लांटला आग लागली आणि तो कित्येक महिने बंद पडला. जो गॅस जहाजात जाणार होता तो देशातच राहिला, आणि दर दहा लाख बीटीयूला (गॅस याच उष्णतेच्या मापाने विकतात) ९ डॉलरच्या वर गेलेला भाव महिनाअखेर ६ च्या आसपास आला. म्हणजे निर्यात आणि आपल्या घरातला भाव एकमेकांना बांधलेले आहेत. देशातली साधारण ४० टक्के वीज गॅसवर बनते, त्यामुळे निर्यात मोकळी करायची आणि घरखर्चही कमी करायचा हे एकाच कायद्यात लिहिणं सोपं आहे, प्रत्यक्षात दोन्ही जमवायला गॅसचं उत्पादन निर्यातीपेक्षा जोरात वाढावं लागेल. निर्यातीने नोकऱ्या येतात, युरोपला मदत होते, ते सगळं मान्य, पण तो मुद्दा घरच्या वीजबिलाचा नाही.

परवानग्यांच्या बाबतीत मात्र मी २०२३ वाल्यांच्या बाजूने आहे, मनापासून. न्यू मेक्सिकोतली पवनऊर्जा ॲरिझोनाकडे नेणाऱ्या सनझिया लाइनला मंजुऱ्या मिळून काम सुरू व्हायला जवळपास १७ वर्षं लागली. पवनचक्की उभी करायला पैसे दिले आणि वीज न्यायला तारच नाही तर त्या सवलतीचं करायचं काय? २०२३ च्याच जूनमध्ये, सरकारने किती कर्ज काढावं या मर्यादेवरच्या तडजोडीत हाच भाग कायदा झाला, पर्यावरण अहवाल साधा असेल तर एका वर्षात, मोठा असेल तर दोन वर्षांत, आणि त्याला दोन्ही पक्षांची मतं मिळाली, हाउसमध्ये ३१४-११७.

आता बिल. मी माझं विजेचं बिल टेबलावर उघडून नणंदेला दाखवलं. वर सप्लाय, खाली डिलिव्हरी. सप्लायची ओळ म्हणजे खुद्द विजेची किंमत, ती गॅसच्या भावाबरोबर वरखाली होते. डिलिव्हरीची ओळ म्हणजे खांब, तारा, सबस्टेशन, वादळानंतरची दुरुस्ती, आणि माझ्या बिलात ती जवळजवळ अर्धी आहे. तो दर राज्याचं युटिलिटी कमिशन, म्हणजे वीजदर ठरवणारा आयोग, मंजूर करतं. तिथे सुनावण्या होतात, सामान्य माणसाला बोलता येतं आणि खुर्च्या रिकाम्या असतात. काँग्रेसमधलं, म्हणजे अमेरिकी संसदेतलं, कुठलंही मत त्या ओळीला थेट हात लावत नाही. हे तिला खरंच नवीन होतं, मलाही चार वर्षांपूर्वी होतं.

आणि एक, आता २०२२ च्या सवलती डोळ्यासमोर ठेवून मत ठरवू नका, त्यातल्या घरगुती बऱ्याचशा गेल्या. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्याने गाडीची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला आणि छतावरच्या सोलरची ३१ डिसेंबर २०२५ ला संपवली, रॉयल्टी १२.५ वर आणली, मिथेनचा चार्ज २०३४ पर्यंत पुढे ढकलला. म्हणजे २०२३ मध्ये अडकलेलं बरंच काही इथे पास झालं. सिनेटमध्ये पुन्हा ५१-५०, यावेळी उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांच्या मताने, हाउसमध्ये २१८-२१४.

मग कुठलं मतदान बघायचं? माझं मत, एकच बघायचं असेल तर २०२३ चं. २०२२ च्या कायद्यात औषधांच्या किमती होत्या, २०२५ च्या कायद्यात मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) आणि इन्कम टॅक्स, त्यामुळे तिथे कुणी हो किंवा नाही म्हटलं तर ते नेमकं ऊर्जेसाठी की आणखी कशासाठी हे कळत नाही. २०२३ चा कायदा जवळपास पूर्ण ऊर्जेचा होता, पक्ष सोडून कुणी मत दिलं तर ते ऊर्जेमुळेच. अणुऊर्जेत रस असेल तर २०२४ चा ॲडव्हान्स ॲक्ट बघा, सिनेटमध्ये ८८-२, पण इतक्या एकमताने उमेदवारांमधला फरक दिसत नाही.

स्वतःचं घर आहे आणि सोलर वगैरे मनात आहे, तर सवलती परत आणू म्हणणारा उमेदवार तुमच्या कामाचा. टेक्सास-न्यू मेक्सिकोतल्या पर्मियनसारख्या तेलाच्या पट्ट्यात नोकरी असेल तर लिलाव आणि रॉयल्टीची मतं तुमच्या पगाराशी जोडलेली आहेत, तुम्ही ती आधी बघणार आणि ते बरोबरच आहे. भाडेकरूंसाठी दोन्हीकडे फार थोडं आहे, हे लिहितानाही वाईट वाटतं.

नणंदेने हाउस क्लार्कच्या (हाउसच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) साइटवर २०२३ चं रोल कॉल, म्हणजे कुणी काय मत दिलं त्याची यादी, उघडून तिच्या प्रतिनिधीच्या नावापुढे काय आहे ते बघितलं. प्रतिनिधीच्या पुढच्या टाउन हॉलला, म्हणजे मतदारांबरोबरच्या खुल्या सभेला, जाणार आहे आणि दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत: गॅसची निर्यात वाढली तर इथला भाव कसा धरून ठेवणार, आणि भाड्याच्या घरातल्या इलेक्ट्रिक हीटिंगसाठी तुमच्या मतातून काय आलं.