लेबलवर १० युनिट, आत ५: बेकरीला विकलेली सोलर बॅटरी

बेकरीला दिलेल्या सोलर बॅटरीच्या कोटेशनवर एवढीच ओळ होती: ‘१० केव्हीए लिथियम सिस्टीम, ४ तास बॅकअप.’ केव्हीए हे इन्व्हर्टरचं माप. एका वेळी किती लोड ओढेल, ते त्यातून कळतं. बॅटरीत किती वीज मावते ते युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासात लिहायचं असतं. युनिट लिहिले की गिऱ्हाईक मोजणार, म्हणून ते लिहिलेच नव्हते.

बेकरीचा मिक्सर, डीप फ्रीझर आणि दिवे मिळून सरासरी २ किलोवॅटचा लोड. बॅटरीवर लेबल ५१.२ व्होल्ट, २०० एएच (अँपिअर-तास); गुणाकार १०,२४० वॅट-तास, म्हणजे १०.२४ युनिट. मोबाइल अ‍ॅपही २०० एएचच दाखवत होतं. तरी लाइट गेली की दोन तासांत सगळं बंद. विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर: ‘तुमचा लोड जास्त आहे.’

अ‍ॅपवरच्या आकड्यावर विसंबू नका. बऱ्याच बीएमएसमध्ये (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) क्षमतेचा आकडा हाताने भरलेला असतो. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो १०० च्या जागी २०० टाकू शकतो. वजन मात्र लपवता येत नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा ५ युनिटचा पॅक साधारण ४५ ते ५० किलो भरतो, १० युनिटचा ८० ते १००. इथला पॅक दोघांनी सहज उचलला. उघडल्यावर आत १०० एएचचे १६ सेल निघाले, क्यूआर कोड घासलेले, टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगच्या खुणा. म्हणजे माल निम्मा, आणि तोही वापरलेला.

पॅक न उघडता तपासायचं असेल तर डिस्चार्ज टेस्ट करा. बॅटरी १०० टक्के चार्ज करा. मग सोलरचा डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) आणि महावितरणच्या लाइनचा एमसीबी, दोन्ही बंद. इन्व्हर्टरच्या आउटपुटला सबमीटर (वेगळं छोटं मीटर) लावून २ किलोवॅटचा पाण्याचा हीटर चालवा. मोटार नको, तिचा सुरुवातीचा करंट हिशेब बिघडवतो. १०.२४ युनिटच्या पॅकमधून ९० टक्के वीज काढली आणि इन्व्हर्टरचा तोटा वजा केला, तर सबमीटरवर सुमारे साडेआठ युनिट पडायला हवेत, म्हणजे चार तासांहून थोडं जास्त. दोन तासांत गाशा गुंडाळला तर पॅक ५ युनिटचा. सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, पॅकच्या सीरियल नंबरसह, व्हिडिओत घ्या.

विक्रेता अर्ध्या चार्जवर अ‍ॅप उघडून ‘बघा, सगळे सेल सारखे’ म्हणतो. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाटच राहतो, तिथे थकलेला सेलही ३.२-३.३ व्होल्ट दाखवतो. खरा फरक शेवटच्या १० टक्क्यांत दिसतो: बाकीचे ३.१ वर असताना एखादा २.६ वर कोसळतो आणि बीएमएस सगळा पॅक तोडतो.

विक्रेत्याने दिलेला बचतीचा तक्ताही असाच फुगवलेला होता. ५ किलोवॅटच्या पॅनेलमधून रोज ३० युनिट धरले होते; महाराष्ट्रात वर्षाची सरासरी २० च्या आसपास, पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. ‘सबसिडी मिळेल’ हेही खोटं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचे जास्तीत जास्त ७८,००० रुपये फक्त घरगुती ग्राहकांना मिळतात.

आता बॅटरीतल्या विजेचा भाव काढू. समजा पॅक २ लाखांचा, खरोखर ९ युनिट देणारा, आणि ३,००० सायकल (चार्ज-डिस्चार्जचे पूर्ण फेरे) टिकणारा. म्हणजे आयुष्यभरात २७,००० युनिट, आणि प्रत्येक युनिटवर जवळपास साडेसात रुपये नुसती साठवणूक. सोलरचा खर्च वेगळा. ब्रोशरमधल्या ६,००० सायकल २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेल्या असतात. भट्टीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्या कुठून येणार? नेट मीटरिंग (जास्तीची सोलर वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा होणं) मिळत असेल तर निव्वळ बिल कमी करायला बॅटरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. डिझेल जनरेटर वाचत असेल किंवा लाइट गेल्यावर माल नासत असेल, तरच ती परवडते.

पर्चेस ऑर्डरवर ‘एसी बाजूला (इन्व्हर्टरच्या आउटपुटला) किमान ८ युनिट’ असं लिहून घ्या आणि २५ टक्के रक्कम डिस्चार्ज टेस्टनंतरच द्या. आणखी एक गोष्ट सहसा उशिरा कळते: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर अपवाद आहे, पण ते तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.