पॅरिसमध्ये हातात एकच दुपार : झाकमार-आंद्रे की कोन्याक-झे?

लूव्र पाहून पाय बोलायला लागले आणि तरी चित्रं बघायची हौस फिटली नसेल, तर पॅरिसमधल्या वाड्यांतली छोटी संग्रहालयं गाठावीत. (असा वाडा म्हणजे फ्रेंचमध्ये 'ओतेल'. पाटी वाचून आत खोली मागायला जाऊ नका.) त्यातली ही दोन. एकाला तिकीट, दुसरं फुकट. पण निवड पैशांवर करू नये असं मला वाटतं.

झाकमार-आंद्रे हे खरंखुरं घर. एदुआर आंद्रे हा बँकवाल्या घराण्यातला. त्याचा वाडा १८७५ मध्ये बांधून झाला. नेली झाकमार या चित्रकर्तीने १८७२ मध्ये त्याचं व्यक्तिचित्र काढलं होतं, १८८१ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि पुढे दोघं इटलीतून खरेदी करत सुटले. मूलबाळ नव्हतं. नेली १९१२ मध्ये गेली, पुढच्याच वर्षी घर लोकांसाठी उघडलं. इथला वळणदार जिना चुकवू नका. वरच्या भिंतीवर तिएपोलो या अठराव्या शतकातल्या व्हेनिसच्या चित्रकाराचं भित्तिचित्र आहे, तेही व्हेनिसजवळच्या एका व्हिलातून काढून आणलेलं! भिंतीवरचं चित्र उचलून घरी आणायचं म्हणजे हौसेची कमालच. जेवणघरात आता कॅफे चालतो. चहाचा दर टोचला तर वर बघायचं, छतावरही तिएपोलोच आहे.

कोन्याक-झेचं तसं नाही. 'सामारितेन' हे मोठं दुकान उभं करणाऱ्या एर्नेस्त कोन्याक आणि मारी-लुईज झे यांचा हा संग्रह. तो मारे भागातल्या सोळाव्या शतकातल्या 'ओतेल दोनों' नावाच्या वाड्यात आला १९९० मध्ये. ते दोघं इथे कधी राहिलेच नव्हते. त्यामुळे घरपण शोधू नका. लाकडी पॅनेलच्या लहान खोल्या, अठराव्या शतकातली चित्रं, काचेखाली तपकिरीच्या नाजूक डब्या, आणि शांतता.

गंमत अशी की दोन्हीकडे तरुण रेम्ब्रांट आहे. कोन्याक-झेमध्ये १६२६ चं चित्र : बायबलमधला संदेष्टा बलाम आपल्या गाढवीला काठीने झोडतोय, ती मान वळवून तोंड वासून ओरडतेय, मागे तलवार उगारलेला देवदूत. वयाच्या विशीतला पोरगा, सगळं एकदम सांगायची घाई. झाकमार-आंद्रेत त्यानंतर दोन-तीन वर्षांनी काढलेलं एमाउसचं जेवण, म्हणजे पुन्हा जिवंत झालेल्या येशूला शिष्य जेवताना ओळखतात तो बायबलमधला प्रसंग. जेमतेम हातभर चित्र. येशू नुसती काळी बाह्यरेषा, दिवा त्याच्या आड. मागे अंधारात एक बाई आपल्या कामात. समोर काय घडलंय याचा तिला पत्ताच नाही. माझ्यापुरतं तिकीट या बाईवर वसूल होतं.

पुण्यातल्या केळकर संग्रहालयात ज्यांचा जीव रमतो, त्यांनी डोळे मिटून झाकमार-आंद्रे निवडावं. मात्र मोठं तात्पुरतं प्रदर्शन चालू असेल तर सकाळी उघडतानाच जा. प्रदर्शनाच्या खोल्या लहान आहेत. आणि पॅरिस म्युझियम पास (एकाच पासवर बरीच संग्रहालयं) इथे चालत नाही, हिशेब करताना लक्षात असू द्या.

मुलं बरोबर असतील, कंटाळली की बाहेर पडायची मोकळीक हवी असेल, किंवा मारेमध्ये भटकायचं आधीच ठरलं असेल, तर कोन्याक-झे. कायमचा संग्रह फुकट, तासाभरात होतो, आणि पलीकडे कार्नाव्हाले हे पॅरिसच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथलाही कायमचा संग्रह फुकटच. फक्त सोमवारी जाऊ नका, कोन्याक-झे आणि कार्नाव्हाले दोन्हींची दारं बंद असतात.