‘रिपेअर डिस्क परमिशन्स’: जुन्या आयमॅकवर घेतलेला अनुभव

आमच्या घरी २००९ च्या अखेरच्या मॉडेलचा साडेएकवीस इंची आयमॅक अजूनही रोजच्या वापरात आहे. ३.०६ गिगाहर्ट्झचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि सोबत आलेली स्नो लेपर्ड, म्हणजे १०.६ ही प्रणाली, असा त्याचा सरंजाम आहे. हाय सिएरा, म्हणजे १०.१३ या आवृत्तीपर्यंत तो नेता येतो. पण पॉवरपीसी या मॅकमधल्या जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेली दोन जुनी सॉफ्टवेअर मला लागतात आणि ती चालवणारे रोझेटा १०.७ मध्ये काढून टाकले गेले, म्हणून मी जागचा हललो नाही. अशा यंत्रावर काही बिनसले की जाणकार मंडळी पहिला सल्ला देतात तो डिस्क युटिलिटी या मॅकसोबतच येणाऱ्या डिस्क-देखभालीच्या साधनातल्या ‘रिपेअर डिस्क परमिशन्स’, म्हणजे फाइलींच्या परवानग्या दुरुस्त करणाऱ्या बटणाचा. गेल्या पावसाळ्यात मी ते सात-आठ वेळा तरी दाबले असेल, आणि हे परीक्षण त्या बटणाचेच आहे.

तक्रार अशी होती की माझ्या स्वतःच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधली कोणतीही फाइल कचरापेटीत टाकायला गेलो की संगणक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागे. फाइल उघडे, तीत बदल करून साठवताही येई, पण ती हलवायची किंवा पुसायची म्हटले की पासवर्डची चौकट समोर हजर. घराचा मालकच दाराबाहेर उभा राहून किल्ली मागतो आहे, असा तो प्रकार होता.

हे बटण नेमके काय करते, ते आधी समजून घेतले पाहिजे. ॲपलच्या इन्स्टॉलरने एखादे पॅकेज बसवले की त्याची एक पावती डिस्कवर राहते, आणि त्या पावतीसोबतच्या यादीत प्रत्येक फाइलचा मालक, गट आणि परवानग्या नोंदलेल्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, अशी बेरीज करून मालक, गट आणि इतर या तिघांसाठी तीन आकडे होतात. ७५५ म्हणजे मालकाला सर्व अधिकार आणि इतरांना फक्त वाचण्याचे व चालवण्याचे. बटण दाबल्यावर डिस्क युटिलिटी ही यादी आणि डिस्कवरची प्रत्यक्ष स्थिती ताडून पाहते आणि फरक आढळला तर यादीप्रमाणे दुरुस्ती करते. काम चोख आहे. माझ्या यंत्रावर त्याला बारा-पंधरा मिनिटे लागतात आणि कोणतीही माहिती पुसली जात नाही. मात्र जे पावतीत नाही ते या तपासणीतही नाही. नुसते ओढून ॲप्लिकेशन्समध्ये टाकलेले सॉफ्टवेअर त्यात येत नाही, आणि वापरकर्त्याचे होम फोल्डर, म्हणजे ज्यात त्याची डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर असतात ते, तर मुळीच येत नाही. माझी तक्रार होम फोल्डरमधली होती, तेव्हा हे बटण शंभर वेळा दाबले असते तरी फरक पडला नसता.

ही मर्यादा लक्षात यायला मला उशीर झाला, याचे कारण तपासणीनंतर दिसणाऱ्या ओळी. ‘एआरडीएजंट’ या प्रणालीच्याच एका फाइलविषयी, तिच्यात बदल झाला असून ती दुरुस्त केली जाणार नाही, असा इशारा दर वेळी येई. शिवाय ‘एसीएल’, म्हणजे नेहमीच्या परवानग्यांखेरीज फाइलीला लावलेल्या जादा नियमांची यादी, अपेक्षित नसताना सापडल्याच्या ओळी असत. दुरुस्ती करा, पुन्हा तपासा, त्याच ओळी पुन्हा हजर. पहिले दोन दिवस मी याच ओळींच्या मागे धावलो. वास्तविक असे कित्येक संदेश निर्धोक असून त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे, असे ॲपलनेच आपल्या मदतपृष्ठावर यादीसह सांगितले होते. जी गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी आहे ती इशारा म्हणून छापावी कशाला, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि या साधनाचे माझ्याकडून गुण कापले जातात ते याच ठिकाणी.

खरा दोष माझ्या हातून झाला होता. पत्नीच्या खात्यातून माझी छायाचित्रे दिसावीत म्हणून मी काही महिन्यांपूर्वी होम फोल्डरच्या ‘गेट इन्फो’ खिडकीत परवानगी वाढवली आणि दातेरी चाकाच्या चिन्हाखालचा ‘आतील सर्व गोष्टींना लागू करा’ या अर्थाचा पर्याय निवडून मोकळा झालो. स्नो लेपर्डमध्ये होम आणि त्यातल्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या मुख्य फोल्डरांवर, ती चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून, ‘कोणालाही पुसण्यास मनाई’ असा एसीएलचा एक नियम मुळातच लावलेला असतो. माझ्या त्या एका क्लिकने तो नियम आतल्या हजारो फाइलींना चिकटला. त्याची खूणही समोर होती: ‘गेट इन्फो’मध्ये ‘एव्हरीवन’ या नावापुढे ‘कस्टम’ असा शब्द दिसत होता आणि मी तो रोज पाहूनही वाचत नव्हतो.

उपाय निघाला तो यंत्रासोबत आलेल्या राखाडी डीव्हीडीतून. ती आत घालून, सी ही कळ दाबून धरून संगणक सुरू करायचा, भाषा निवडल्यावर वरच्या युटिलिटीज मेन्यूतून ‘रिसेट पासवर्ड’ उघडायचे, डिस्क निवडायची, आणि वापरकर्त्यांच्या यादीतून स्वतःचे खाते निवडायचे. ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर’ हे नाव निवडायचे नाही. पासवर्डचे रकाने कोरेच सोडून खिडकीच्या तळाशी असलेले, होम फोल्डरच्या परवानग्या आणि एसीएल पूर्ववत करणारे बटण दाबायचे. पासवर्ड बदलण्याच्या खिडकीत कोपऱ्यात दडवलेले हे बटण मला तरी आपणहून कधीच सापडले नसते. डीव्हीडी-ड्राइव्ह थोडा वेळ घरघरला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि पहिलीच जुनी पीडीएफ निमूटपणे कचरापेटीत गेली. लायनमध्ये, म्हणजे १०.७ पासून, डीव्हीडीची गरज उरली नाही. रिकव्हरी विभागातून सुरू करून टर्मिनलमध्ये ‘रिसेटपासवर्ड’ असे एकसंध टंकले की हीच खिडकी उघडते.

मधल्या काळात मी यंत्र एका दुरुस्तीच्या दुकानातही दाखवले होते. तिथल्या गृहस्थांनी तपासणीतल्या त्या ओळी पाहून हार्ड डिस्क बदलण्याचा सल्ला दिला. परवानग्यांचा गोंधळ आणि डिस्कचे आजारपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक डिस्क युटिलिटीच दाखवते, ही तिची जमेची बाजू. डावीकडे डिस्कच्या नावावर क्लिक केले की तळाशी ‘स्मार्ट’, म्हणजे डिस्कने स्वतःच केलेल्या प्रकृती-तपासणीची स्थिती दिसते. माझ्याकडे ती ‘व्हेरिफाइड’ होती. ‘व्हेरिफाय डिस्क’नेही रचनेत दोष दाखवला नाही. हे दोन्ही निकाल चांगले असतील तर केवळ परवानग्यांच्या इशाऱ्यांवरून नवी डिस्क घेऊ नये. उलट ‘स्मार्ट’मध्येच बिघाड दिसला तर परवानग्यांच्या नादी न लागता त्याच दिवशी सर्व माहितीची प्रत काढावी.

२०१५ च्या एल कॅपिटनमध्ये हे बटण काढून टाकण्यात आले, कारण तेव्हापासून प्रणालीच्या फाइलींना सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शनचे संरक्षण मिळाले. त्यामुळे १०.११ किंवा पुढची आवृत्ती असलेल्यांनी ते शोधत बसू नये. योसेमिटीपर्यंतच्या यंत्रांवर मात्र एखादे मोठे सॉफ्टवेअर बसवल्यानंतर प्रणालीचा स्वतःचा भाग अडखळू लागला तर ते एकदा जरूर दाबावे. पाचांपैकी तीन गुण मी त्याला देतो. एआरडीएजंटची ओळ माझ्याकडे अजूनही येते आणि मी ती येऊ देतो. ती राखाडी डीव्हीडी तेवढी आता खोक्यातून काढून टेबलाच्या खणात ठेवली आहे.