लंडनमधला संध्याकाळचा फ्रेंच क्लास: पैसे वसूल, पुस्तक मात्र भंगार

दहा आठवडे, दर मंगळवारी दीड तास, फी 210 पौंड. क्लासचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत. बॅचमधे आम्ही अकरा जण, मी सोडून सगळे ब्रिटिश आणि बहुतेक सगळे शाळेत फ्रेंच शिकलेले. तरी पहिल्या दिवशी एकालाही स्वतःचं नाव धड सांगता येईना. म्हणजे येत होतं हो, लाज वाटत होती! नाकातला उच्चार नीट जमला तर बाकीचे हसतील म्हणून मुद्दाम ठोकळ्यासारखं बोलायचे. माझ्या शेजारी बसणारे साठीचे काका म्हणाले, आमच्या शाळेत जो नीट बोलायचा त्याचीच टिंगल व्हायची, त्यामुळे वाईट बोलणं हाच शहाणपणा. तिशीतल्यांचं वेगळंच, 2004 पासून इंग्लंडमधे 14 वर्षांनंतर परदेशी भाषा सक्तीची राहिली नाही, त्यांनी तेव्हाच सोडून दिलेली.

शिकवणाऱ्या मॅडम फ्रान्समधल्या लिऑं शहरातल्या, आणि त्यांनी ही लाज बरोब्बर ओळखली. पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही, म्हणाल्या पासपोर्टचं कव्हर बघा. ब्रिटिश पासपोर्टवर राजचिन्ह असतं ना, त्यात खाली चक्क फ्रेंच, 'द्यू ए माँ द्रुआ', देव आणि माझा हक्क. अर्ध्या लोकांनी आयुष्यात ते वाचलेलं नव्हतं!! मग 1066, उत्तर फ्रान्समधले नॉर्मन लोक इंग्लंड जिंकायला आले ते भाषा घेऊनच, आणि पार्लमेंटमधे राजानी कायदा मंजूर केला हे आजही नॉर्मन फ्रेंचमधेच जाहीर करतात, 'ल रुआ ल व्हो', राजाची इच्छा आहे. मॅडमचं म्हणणं एवढंच की बाबांनो ही भाषा तुमच्याच घरात आहे, परक्यासारखं काय वागताय. अर्थात घरात आणून तिचं काय केलंय ते त्यांनाही माहितीये. हॅम्पशरमधे एक गाव आहे, लिहितात फ्रेंचसारखं आणि म्हणतात 'ब्यूली', मॅडमनी बस ड्रायव्हरला फ्रेंच उच्चारानी 'बोल्यू' म्हणून विचारलं तर त्याला झेपलंच नाही.

सगळ्यात मजा आली ती म्हणींच्या तासाला. पार्टीतून न सांगता सटकलं की इंग्रज म्हणतात 'फ्रेंच रजा' घेतली, आणि फ्रेंच लोक म्हणतात 'इंग्रजांसारखा' पळाला. दोघंही एकमेकांच्या नावावर खपवतात. काका अक्षरशः डोळे पुसत होते.

आता तक्रारी. पुस्तक भंगार, नुसतं हॉटेल बुकिंग आणि हरवलेली बॅग, 25 पौंड वेगळे आणि तासाला क्वचितच उघडलं. खोली थंडगार. एकदा तास रद्द झाल्याचा मेल दाराशी पोचल्यावर आला. व्याकरण फारच कमी, परीक्षा द्यायची असेल तर इकडे येऊ नका.

पण आठव्या आठवड्यात काका युरोस्टार ट्रेननी फ्रान्समधल्या लीलला जाऊन आले, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून दीड तास पण लागत नाही. वेटरनी इंग्रजीत उत्तर दिलं तरी हे फ्रेंचच रेटत राहिले आणि शेवटी तो पण फ्रेंचमधे आला म्हणे. हे सांगताना काकांचा उच्चार एकदम नाकातून, कोणी हसलं नाही.

पाचपैकी चार स्टार. पुढच्या लेव्हलला नाव घातलंय, जागा हीटरजवळची धरा.